सुजाताताईंचं झाकण

जय भीम. सलाम. नमस्कार.

समोर बसलेल्या सुजाताताईंच्या आई, त्यांचे भाऊ, बेंबळीची सगळी मंडळी, हैद्राबादहून आलेले मोठे सर आणि त्यांच्या संस्थेतले लोक, आणि आमच्या गावाहून टेम्पो करून आलेले माझे गाववाले. तुम्हा सगळ्यांसमोर मी ताईंच्या शोकसभेत उभा आहे.

बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी मघाशी पुढं आलो आणि सभा चालवणाऱ्या गुरुजींच्या हातातून माईक जवळजवळ ओढूनच घेतला. गुरुजी, माफ करा. तुम्ही म्हणालात, दोन शब्द बोला. पण दोन शब्दांत होणार नाही. हात दाखवून मला थांबवू नका, एवढी विनंती आहे.

मी सलीम. परंड्यात माझं मोटार वायडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की लोक माझ्याकडं आणतात. मोटारीशी दिवसभर बोलतो, माणसांपुढं बोलायची सवय नाही. माझं मूळ गाव भूम तालुक्यात, ईटच्या थोडं अलीकडं. गावाचं नाव घेत नाही. का घेत नाही ते पुढं कळेल. माझे अब्बा अजून तिथंच राहतात. आज आलेत. तिकडं मागं खांबाजवळ बसलेत, पांढरी टोपी. आता मान हलवतायत बघा. नको बोलू म्हणतायत. सकाळपासून तेच चाललंय. टेम्पोतसुद्धा म्हणत होते, "गावात ऱ्हायाचं हाय आपल्याला, सलीम. गप बस."

अब्बा, आजपर्यंत तुमचं ऐकलं. आज नाही ऐकणार.

मोठे सर आत्ता बोलले. चांगलं बोलले. ताईंची शिस्त, ताईंचा अभ्यास, दुखणं अंगावर काढून त्या कामावर येत होत्या, हे सगळं खरं आहे. मग सर म्हणाले, ताईंचा स्वतःचा एकच मोठा प्रयोग होता, तो अपयशी ठरला, पण त्या खचल्या नाहीत. पुढं म्हणाले, फुग्यांच्या उड्डाणांपासून उपग्रहांपर्यंत कोणकोणत्या नव्या कल्पना आल्या, त्याचा इतिहास संस्था पुस्तकरूपानं काढते आहे, आणि त्यात ताईंच्या अपयशातून मिळालेला धडा आदरानं मांडला जाईल.

सर, तेवढ्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. रागानं बोलतोय, पण खोटं बोलत नाही. ताईंचा प्रयोग अपयशी झाला नव्हता.

तुमचं भाषण झाल्यावर पाणी प्यायला आलात तेव्हा मी तुम्हाला गाठून हे सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. तुम्ही म्हणालात, "तुमचं म्हणणं खरंही असेल. पण तुम्ही त्यांच्या घरोब्यातले. ऐकीव गोष्टीवर इतिहास लिहिता येत नाही. साक्षीदार आहे का कुणी?" तुमचं बरोबर आहे. म्हणून मी माईक घेतला. साक्षीदार आहेत, सर. ते याच मंडपात बसलेत.

घटना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

आपल्या भागात हैद्राबादकडून मोठे फुगे येतात, हे शेतात राबणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे. पहाटे सोडतात. प्लॅस्टिकचा, आख्ख्या गल्लीएवढा फुगा. त्याला खाली दोर, दोराला पॅराशूट आणि पॅराशूटला शास्त्रज्ञांच्या यंत्राचा डबा. विमानाच्याही लई वर जातो. तिथं यंत्र आपलं काम करतं, मग हे लोक खालून इशारा देऊन दोर तोडतात आणि डबा पॅराशूटनं खाली येतो. वारा नेईल तिथं. कधी लातूरकडं, कधी सोलापूरकडं, कधी आपल्या ज्वारीत.

काही वर्षांपूर्वी हुरड्याच्या दिवसांत असाच एक डबा आमच्या रानात पडला. अब्बांच्या रानात. ज्वारीच्या दोन-चार ओळी आडव्या झाल्या. चांदीसारखा कागद गुंडाळलेला डबा, आपल्या धान्याच्या कणगीएवढा असेल. चारी अंगांनी कागद चिकटवलेले. मराठीत, हिंदीत, कन्नडात, तेलुगूत. ही शास्त्रीय उपकरणं आहेत, धोका नाही, हात लावू नये, पोलिसांना कळवा. मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. तर बांधावरचा एक जण म्हणतो, "धोका न्हाय असं ज्यानं लिवून ठिवलं, त्याच्या मनात धोका असल्याबगर का?" असं आमचं गाव. आज हसू येतंय. तेव्हाही लोक हसलेच होते.

फुग्याचं प्लॅस्टिक पलीकडच्या शिवारात पडलं. ते लोकांनी केव्हाच कडब्याच्या गंजीवर झाकायला नेलं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. वांधा डब्याचा झाला. पोरं जमली, कागद ओरबाडायला लागली, दगड मारून बघायला लागली. अब्बा म्हणाले, "कुणाची तरी अमानत हाय ही. आपल्या रानात पडली म्हंजी जोखीम आपली." आणि त्यांनी घरातून चादर आणली. उरसाला दर्ग्यावर चढवायची म्हणून आणून ठेवलेली, हिरवी, जरीच्या काठाची. ती डब्यावर घातली.

का घातली? तर आपल्याकडं चादरीखालच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. कुठल्याही जातीचा माणूस असू दे, चपला काढून लांब उभा राहतो. अब्बांचा हिशेब साधा होता. आणि पोरांपुरता तो बरोबर निघाला. पोरं एकदम मागं सरली. थोड्या वेळानं दोन बाया आल्या आणि उदबत्ती लावून गेल्या.

पण कुणीतरी फोटो काढला. हिरवी चादर, खाली काहीतरी झाकलेलं, शेजारी टोपी घातलेले अब्बा. तो फोटो मोबाईलवरून फिरला. त्याच्याखाली कुणी काय लिहिलं ते मी इथं ताईंच्या फोटोसमोर बोलणार नाही. दुपारपर्यंत ओळखीचे आणि बिनओळखीचे, आजूबाजूच्या गावांचे, मोटारसायकलींवरून लोक यायला लागले. सकाळी जे हसत होते ते दुपारी हसेनात. सकाळी विचारत होते, हे काय हाय? दुपारी विचारायला लागले, "ह्याच्याच रानात कसं पडलं? आणि झाकून का ठिवलंय?"

मंडळी, प्रश्न कधी बदलला ते मला कळलंच नाही. मी तिथंच उभा होतो. फोन करकरून दमलो होतो. पोलीस येतो म्हणत होते. यायचे होते, पण वेळ लागत होता.

गर्दीतला एक जण पहार घेऊन आला. बोअरच्या कामावरची जड पहार. म्हणाला, "रज्जाकमामू, उघड. न्हायतर आमी उघडतो." अब्बा डब्याला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, "माझं नव्हं ते. ज्याचं हाय त्यो यील, त्यो उघडील." दोघांनी मला मागून धरलं. तिसऱ्यानं अब्बांची गचांडी धरली. अब्बांची टोपी खाली पडली आणि कुणाच्या तरी पायाखाली गेली. मी नुसता बघत होतो. आजसुद्धा चार माणसं जोरात बोलायला लागली की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो.

तेव्हा संस्थेची जीप आली.

जीपमध्ये फक्त ताई आणि ड्रायव्हर. बाकीचे लोक ट्रक घेऊन फुग्याच्या मागं पलीकडच्या शिवारात गुंतले होते. ड्रायव्हर म्हणत होता, मॅडम, उतरू नका, पोलीस येऊ द्या. ताई उतरल्या. पंजाबी ड्रेस, पायात बूट, खांद्याला पिशवी. ड्रायव्हरला म्हणाल्या, तू इंजिन चालू ठेव आणि गाडीतच बस. म्हणून त्या बिचाऱ्याला गर्दीपलीकडचं पुढचं काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही.

सरळ चालत आल्या आणि म्हणाल्या, "सोडा त्यांना. डबा माझा हाय. म्या बेंबळीची हाय." अशाच बोलल्या, आपल्या बोलीत. मला वाटतं मुद्दाम बोलल्या.

एकानं विचारलं, "बेंबळीची म्हंजी कुणाची?"

आपल्याकडं हा प्रश्न काय विचारतो ते तुम्हाला सांगायला नको. ताईंना तो जन्मभर विचारला गेला असणार. त्या म्हणाल्या, "भीमनगरातली." मग कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "मंग तर झालंच. दोघांचं जमलं." ताईंनी त्या माणसाकडं बघितलं. म्हणाल्या, "म्या कुणाची ते इचारलंत, सांगितलं. आता डब्यात काय हाय ते इचारा."

आणि समजावून सांगायला लागल्या. त्या गर्दीत, पहार समोर असताना, शाळेत शिकवावं तसं. मला तेव्हा निम्मं कळलं. नंतर आमच्या घरी त्या कितीतरी वेळा आल्या, ओट्यावर बसून चहा पीत पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा पुरं कळलं. म्हणून तेच इथं सांगतो. सर, चुकलं तर हात वर करा.

ताई म्हणायच्या, माणूस आकाशात पहिल्यांदा गेला तो फुग्यानं. रॉकेट लई नंतर आलं. आकाशातून काही किरण सतत खाली येतात, डोळ्यांना न दिसणारे. ते वरूनच येतात हे एका माणसानं फुग्यात बसून, वर जाऊन शोधलं. मग रॉकेटं आली. पहिला उपग्रह नुसता बीप बीप करत पृथ्वीभोवती फिरला, त्याला दुसरं काही येत नव्हतं. मग एक कुत्री गेली, ती परत आली नाही. मग माणसं गेली. आपल्याकडं रॉकेटचे भाग सायकलवरून नेले, तो फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. ताई म्हणायच्या, "सायकलीचा फोटो हाय, फुग्याचा कुणाला म्हाईत न्हाय. आणि झाकणाचं तर कुणी नावच काढत न्हाय."

झाकण. हे त्यांचं काम होतं. वर हवा नाही. आतली हवा आत राहिली तर माणूस जगतो, यंत्र चालतं. तेवढं जमलं तर बाकीची हुशारी उपयोगाची. एकदा परदेशात एका रबरी कड्यानं थंडीत दगा दिला आणि आख्खं यान माणसांसकट गेलं. ताई त्याबद्दल बोलायला लागल्या की चहा तसाच गार व्हायचा.

त्यांच्या डब्यात एक खडा होता. मिठाच्याच जातीचा. वरचा किरण त्याच्यावर पडला की आत बारीक उजेड होतो, तो उजेड मोजायचा. पण मिठाचं जे होतं तेच त्याचं होतं. दमट हवा लागली की तो पाझरतो, पिवळा पडतो, कामातून जातो. म्हणून तो एका नळकांड्यात, कोरड्या वायूत बंद करून ठेवायचा. सगळे लोक रबरी कड्याचं जड, महागडं झाकण वापरायचे. ताईंनी रबर काढून टाकलं आणि पातळ धातूच्या कड्याचं, हलकं झाकण केलं. पेपरवाल्यानं एकदा विचारलं होतं, गावाकडच्या लोणच्याच्या बरणीवरून सुचलं का? ताई म्हणाल्या, "न्हाय हो. पुन्हा पुन्हा नापास होऊन सुचलं."

त्या उड्डाणात परीक्षा त्या झाकणाचीच होती. वरची थंडी खाऊन, खाली आपटून, आतला वायू आत राहतो का? राहिला तर झाकण पास. ते बघायचं कसं? तर नळकांडं जसंच्या तसं हैद्राबादला न्यायचं, आणि तिथं यंत्रांवर लावून हळूच उघडायचं. रानात उघडलं तर सगळं पाण्यात. आतला खडा जाईल आणि झाकण टिकलं होतं याचा पुरावाही जाईल. किती वर्षांचं काम असेल, सर? तुम्हालाच माहीत.

हे सगळं ताईंनी त्या लोकांना सांगितलं. पहारवाला म्हणाला, "उघडता येत न्हाय म्हंजी आत कायतरी हायच."

पालथ्या घड्यावर पाणी. अब्बांच्या गचांडीवरचा हात सुटला नव्हता. उलट तो आणखी घट्ट झाला होता. अब्बांचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. ताईंनी एकदा रस्त्याकडं बघितलं. पोलिसांची गाडी दिसत नव्हती. एकदा डब्याकडं बघितलं. मग अब्बांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चाचा, बाजूला या."

अब्बा म्हणाले, "बाई, तुमी म्हणाल तर मरंपत्तूर उभा ऱ्हातो. अमानत हाय ही."

ताई म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते. ज्याची अमानत त्यानं मागितली की द्यायची असती. द्या."

मग त्यांनी चादर काढली. घडी केली, अब्बांच्या हातात दिली. पिशवीतून पेचकस काढला, पान्हा काढला, गुडघे टेकून बसल्या. एकेक वस्तू काढून हातात धरून दाखवायला लागल्या. ही बॅटरी. ही तार. हा रेडिओ, ह्यावरून आम्हाला खाली कळतं. लोक वाकून बघत होते. शेवटी तांब्याएवढं एक नळकांडं राहिलं. वर ते झाकण.

"ह्यात काय?"

"मिठासारखा खडा. आणि कोरडी हवा."

"दाव."

ताई म्हणाल्या, "दावते. पण येक करा. समदे गप ऱ्हावा. कुणी बोलू नका. कान द्या."

मंडळी, कशी कोण जाणे, ती गर्दी गप झाली. मला धरलेल्या दोघांचे श्वास मला मानेवर कळत होते. ताईंनी एकेक करून पेच सैल केले. शेवटचा सैल केला आणि आवाज आला.

फुस्स.

सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा, बारीक. पण स्वच्छ. लोक घाबरून मागं हटले, दोघं-तिघं तर एकमेकांच्या अंगावर पडले. विषारी वायू म्हणून कुणी तोंडाला गमछा लावला. आणि ताई? ताई हसत होत्या. गुडघ्यावर बसून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या म्हणाल्या, "ऐकलंत? समद्यांनी ऐकलं न्हवं? ऱ्हायली. आतली आत ऱ्हायली."

आम्हाला कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही. आम्हाला वाटलं, बाईला धक्का बसला. नंतर कळलं. सर, बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त दाबानं भरलेला वायू होता ना तो? झाकण वर कुठं फाटलं असतं तर तो केव्हाच निघून गेला असता. रानात उघडताना आवाज आला नसता. आवाज आला म्हणजे वायू आत होता. थंडीतून, वाऱ्यातून, आपटण्यातून तो आतच राहिला होता. त्या दिवशी ताईंचं झाकण पास झालं. आणि तो निकाल ऐकला फक्त त्या गर्दीनं.

मग त्यांनी झाकण काढलं आणि नळकांडं आडवं करून सगळ्यांना दाखवलं. आत पांढरा, काचेसारखा खडा. पहारवाला वाकला, बघितलं आणि म्हणाला, "येवढंच?"

"येवढंच," ताई म्हणाल्या.

अब्बांची गचांडी सुटली होती. कधी सुटली ते कुणी बघितलं नाही. पहारवाल्यानं पहार खांद्यावर घेतली. लोक पांगायला लागले, एकमेकांकडं न बघता. पोलीस आले तेव्हा रानात आम्ही तिघंच होतो. ताईंनी त्यांना सांगितलं, काही झालं नाही, लोकांनी मदत केली. खड्याच्या कडा तेवढ्यात पिवळ्या पडायला लागल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, संस्थेला का नाही सांगितलं? मीही विचारलं. एकदा नाही, दर वेळी. त्या म्हणाल्या, "सलीम, खरं सांगितलं असतं तर चौकशी, मग केस. सरकारी उपकरणाला हात लावला म्हणून गावातल्या पोरांना धरून नेलं असतं. आणि पहिला साक्षीदार कोण? चाचा. केस संपल्यावर ऱ्हायाचं कुठं होतं त्यांनी? त्याच लोकांत." म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं की नळकांडं उघड्या अवस्थेत मिळालं. कुणी उघडलं ते सांगितलं नाही. पुढचं संस्थेनं समजून घेतलं. आपटल्यावर झाकण निघालं, असं समजून घेतलं.

त्यांना परत उड्डाण मिळालं नाही. दुसऱ्या कुणाचं झाकण पुढं उपग्रहावर गेलं. ताई मात्र दुसऱ्यांच्या यंत्रांची तपासणी करत राहिल्या.

ताई देवी नव्हत्या, मंडळी. मघाशी इथं कुणी म्हणालं, त्यांना कशाचा राग म्हणून नव्हता. होता. लई होता. एकदा आमच्या ओट्यावर म्हणाल्या, "मला राग येतो, सलीम. त्या पहारवाल्याचा येतो, संस्थेचा येतो, कधी कधी चाचांचासुद्धा येतो, कशाला चादर घातली म्हणून." अब्बा तिथंच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मग ताई म्हणाल्या, "पण त्या रानात मला परत उभी केली तरी म्या झाकणच उघडीन. झाकण परत बनवता येतं."

ते परत बनवायला त्यांना मिळालं नाही. आणि आज त्यांच्या फोटोसमोर त्यांना अपयशी म्हटलं गेलं. कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे मला माहीत आहे. तरी म्हटलं गेलं. त्यांच्या आईनं ते ऐकलं. आई, तुम्ही पदरानं तोंड झाकलंत, ते मी बघितलं. आता ते पुस्तकात छापलं जाणार. पुस्तकात एकदा छापलं की झालं, मग ते पोरं शाळेत वाचणार.

म्हणून माझ्या गाववाल्यांना सांगतो. तुम्ही आज इथं आलात. कुणी बोलावलं नव्हतं, तुम्ही टेम्पो केला, कामं सोडून आलात. का आलात ते मी विचारत नाही. तुमच्यातले काही जण त्या दिवशी रानात होते. मी कुणाचं नाव घेणार नाही, घेतलेलं नाही. ज्यानं गचांडी धरली तो आलाय का, पहारवाला आलाय का, तेही सांगणार नाही. त्याचा हिशेब मला नको. अब्बांनी तो केव्हाच सोडून दिला.

मला फक्त एक पाहिजे. तो आवाज तुम्ही ऐकलात. मी सांगितलं तर सर म्हणतात, हा घरोब्यातला. अब्बांनी सांगितलं तर म्हणतील, ह्यांच्यावर तिचे उपकार. बरोबरच आहे. पण तुम्ही तर तिच्या विरोधात उभे होता. तुमच्याइतका भरवशाचा साक्षीदार तिला दुसरा कुठं मिळणार?

आता तुमच्यावर काही होणार नाही, असं मी सांगू शकत नाही. मला कायदा माहीत नाही. कदाचित कुणी विचारायला येईल. कदाचित गावात लोक बोलतील. तुम्हाला भीती वाटत असेल तर ती खरी आहे. मलाही वाटतेय. उद्या दुकान उघडायचंय आणि अब्बांना त्याच गावात झोपायचंय.

आपण आता श्रद्धांजलीसाठी उभं राहणार आहोत. रीत अशी की सगळे एकदम उभे राहतात. आज एकदम नको. ताईंच्या आईसमोर हात जोडून सांगतो, पाच-दहा मिनिटं गेली तरी चालतील, पण आधी फक्त त्यांनीच उभं राहावं, ज्यांनी त्या दिवशी रानात तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला. बोलायचं काही नाही. नाव सांगायचं नाही. नुसतं उभं राहायचं. बाकीच्यांनी बसून राहावं. सर, तुम्हीही बसून राहा. आणि मागं वळून बघा.

मी थांबतो.

अब्बा, तुम्ही नका. तुमचे गुडघे… बरं. राहा उभे.

अजून थांबतो.

घाई नाही.

हां.

तुम्ही. या, पुढं यायची गरज नाही, तिथंच राहा. तुम्ही पहिले उठाल असं मला वाटलं नव्हतं. खरंच वाटलं नव्हतं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलीत, त्याची काही गरज नाही.

आणि तुम्ही. आणि तुमचा भाऊ. आणि तिकडचे, मोटारसायकलवरून आलेले, मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. तुम्हीही तिथं होता?

सर, बघताय ना?

आई, तुम्हीही वळा. बघा. ह्या सगळ्यांनी तो आवाज ऐकलाय.

आता बाकीच्यांनीही उठावं. सुजाताताईंना सलाम. कुणी काही बोलू नका.